वेलीखालचा कंद

वढवाण, पोष वद पाचम

चि. हेमी,

जय जिनेन्द्र. आपला फोन दुकानात गल्ल्याशेजारी आहे. एका बाजूला तुझे भाऊ, दुसऱ्या बाजूला पितळी हंडे ठोकून बघणारं गिऱ्हाईक, आणि मध्ये उभी राहून मी डॉक्टर नणंदेला काय सांगणार? म्हणून हे पत्र.

पाळी जाऊन वर्ष झालं. सगळ्या म्हणाल्या, सुटलीस. कसली सुटते! भर पोषात पंखा लावते म्हणून तुझे भाऊ गोधडी काखेत मारून बाहेरच्या खोलीत झोपायला गेलेत. उपाश्रयात साध्वींपुढे सामायिकाला बसते, दोन घडी मन लावून स्थिर बसायचं, तर मध्येच छातीपासून कानापर्यंत आग चढते आणि साडी पाठीला चिकटते. चंदनबेन माझ्या शेजारी बसते. ती म्हणते, "रसीला, तुझ्याजवळ बसलं की शेगडी लागत नाही." मीही हसते. पण झोप नाही, आणि राग नाकावर. परवा दाळ करपली तर मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले.

आणखी एक लिहिते, घाबरू नकोस. मंगळवारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि कठड्याशी उभी राहून खाली बघत राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. कपडे बादलीतच. नंतर मला माझीच भीती वाटली.

सुरेंद्रनगरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. औषधवाल्या जितुभाईला विचारलं, कशाच्या आहेत? तो आधी लाजला, मग म्हणाला, गाभण घोडीच्या मुतापासून काढतात. "पण एकदम नैसर्गिक हं, रसीलाबेन." मी म्हटलं, घोडीला विचारलं होतं का? आणि पाकीट परत केलं.

तुझ्याकडे काही आहे का? माझ्या दोनच अटी. जनावराचं नको आणि जमिनीखालचं नको. बटाटा, कांदा, गाजर, कुठलाच कंद मी जन्मात तोंडात घातलेला नाही. एकेका कंदात अनंत जीव, ते माझ्या झोपेसाठी मरावेत असं मला वाटत नाही. तू डॉक्टर झालीस, तुला हसू येत असेल. हस, पण ऐक.

तुझी भाभी

*

वडोदरा, २० फेब्रुवारी १९९७

पू. भाभी,

तुम्ही इथे येऊन तपासून घेऊन गेलात ते फार बरं झालं. सगळे रिपोर्ट आले. छाती, गर्भाशय, रक्तदाब, सगळं ठीक आहे, तेव्हा औषध द्यायला हरकत नाही. माल घ्यायला भाई इकडे आले होते, त्यांच्याबरोबर पाठवलं आहे. सकाळी पांढरी गोळी, रात्री ती मऊ पिवळसर. दोन्ही घ्यायच्या. नुसती पांढरी घेतली तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं, म्हणून दुसरी तिला आवर घालायला. रक्त गेलं, छातीत गाठ लागली, पायाला सूज आली तर लगेच कळवायचं. आणि दर सहा महिन्यांनी माझ्यासमोर हजर व्हायचं.

घोडीचा संबंध नाही. हे वेलीपासून येतं. डोंगरात वाढणारी वेल आहे, पानं पिंपळासारखी. आपलं शरीर स्वतः जे बनवायचं तेच हुबेहूब, म्हणून परदेशात बायका याला नैसर्गिक म्हणतात आणि मागून घेतात. चमत्कार समजू नका. तोटे त्यालाही आहेत, ते मी समोर बसवून सांगितलेच आहेत.

कठड्याची ओळ वाचल्यापासून मला रोज तोच कठडा दिसतो. गोळ्या घ्या आणि झोपा. बाकीची काळजी माझ्यावर सोडा.

तुमची हेमी

*

वढवाण, चैत्र सुद तेरस

चि. हेमी,

आज महावीर जयंती. वरघोड्याच्या मिरवणुकीत सबंध गावभर चालले आणि घरी येऊन पुरणपोळ्या लाटल्या. तुझे भाऊ गोधडीसकट परत आत आलेत. एवढ्यात समजून घे.

खरं सांगते, मला वाटलं होतं मी आता अशीच राहणार, चिडकी आणि घामट. परवा सामायिक संपल्याची घंटा वाजली आणि मला कळलंसुद्धा नाही. किती दिवसांनी माझं मन माझ्या ताब्यात होतं. घरी येऊन तुझ्या फोटोवरची धूळ पुसली. तेवीस वर्षांपूर्वी बापूजींपुढे उभी राहून मी म्हटलं होतं, हेमीला डॉक्टर होऊ द्या. ते भांडण आता वसूल झालं.

उपाश्रयात मी सगळ्यांना सांगितलं. साध्वीजी महाराजांसमोर सांगितलं, माझी नणंद वेलीचं औषध देते, एकदम शुद्ध, मी तिच्या शब्दावर डोळे मिटून घेते. चंदनबेनलाही हाच त्रास आहे. तिला पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे पाठवते. आणि त्या वेलीचं रोप मिळालं तर पाठव, तुळशीशेजारी लावीन. ज्या झाडाने मला झोप दिली त्याला पाणी तरी घालू दे.

तुझी भाभी

*

वडोदरा, २ मे १९९७

पू. भाभी,

चंदनबेन येऊन गेल्या. औषध नको म्हणाल्या, मीही आग्रह केला नाही. सुती कपडे, तिखट-चहा कमी, रोज चालणं, एवढं सांगून पाठवलं.

एक विनंती. उपाश्रयातली जाहिरात थांबवा. हे औषध आहे, प्रसाद नाही. तुम्हाला चाललं ते दुसरीला चालेल असं नाही. रोपाचं मनावर घेऊ नका, ते आपल्या हवेत येत नाही.

भाई म्हणत होते तुम्ही पुन्हा गरबे गुणगुणता. ऐकून बरं वाटलं. राखीला येते.

हेमी

*

वढवाण, श्रावण वद त्रीज

डॉक्टर हेमलताबेन,

राखीला तुम्ही आलात, जेवलात, आणि नंतर गॅलरीत भाऊ-बहीण हळू आवाजात बोलत हसत होतात. मी आतून सुपारीची डबी घेऊन आले तशी दोघं गप्प झालात. मला वाटलं, माझ्या साडीची खरेदी चालली असेल. मी पण आत जाऊन हसले.

तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी तुमच्या भावाच्या सदऱ्याला मला तळणाचा वास आला. खिशात कागद, कागदात बटाट्याच्या भज्याचा तुकडा. श्रावणात, पर्युषण तोंडावर आलेलं असताना. मी बोलायला लागले तर ते हसत सुटले. म्हणाले, "अगं, मला काय सांगतेस? तू सहा महिने कंदच खातेस. वेलीखाली काय लटकतं, विचार तुझ्या लाडक्या नणंदेला. तू खाल्लास तर छप्पर कोसळलं का?"

त्यांना ती गंमत वाटली. माझा चेहरा बघून गंमत संपली, पण तोवर बोलून झालं होतं.

मी दोन अटी घातल्या होत्या. तुम्ही वेल सांगितलीत, पानं सांगितलीत, डोंगर सांगितलात. मी त्या वेलीला पाणी घालायला निघाले होते. माझ्यामुळे किती करमणूक झाली असेल तुमची.

काल उपाश्रयात उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं की मी शुद्ध म्हणाले ते खोटं होतं. बायका आपापल्या तोंडापुढे धरायच्या मुहपत्त्या नीट करत बसल्या. गोळ्या बंद केल्या आहेत. उरलेल्या तुमच्या भावाच्या कपाटात आहेत, त्यांना आवडतात कंद.

केसाने गळा कापतात म्हणतात तो असा.

रसीला

*

वडोदरा, २५ ऑगस्ट १९९७

पू. भाभी,

तुमच्या पत्रातलं "डॉक्टर हेमलताबेन" मी पुन्हा पुन्हा वाचलं. ठीक आहे. डॉक्टर म्हणूनच आधी लिहिते. गोळ्या एकदम सोडल्यात, तर थोडं रक्त जाईल, पुन्हा अंगातून गरम वाफा येतील. जास्त रक्त गेलं तर माझ्यावरच्या रागापायी घरी बसू नका. सुरेंद्रनगरच्या बाईंकडे जा.

आता दुसरं. होय, तो कंदच आहे. मला माहीत होतं. पण कारखान्यात त्यातून एक द्रव्य तेवढं काढून घेतात, त्यावर दहा क्रिया करतात. गोळीत कंदाचा कणसुद्धा उरत नाही. मी तुम्हाला बटाटा भरवला नाही. आणि वेल सांगितली ती खोटी नव्हती.

तुम्ही पत्रात कठडा लिहिला होतात. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत? कंद आहे म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही पाकीट जितुभाईसारखं माझ्याही तोंडावर परत केलं असतंत आणि पुन्हा गच्चीवर गेला असतात. मला तुम्ही जिवंत हव्या होतात. भाईंना मी सांगितलं कारण घरात एकाला तरी माहीत असायला हवं होतं. ते असे बोलतील असं वाटलं नव्हतं. गॅलरीत आम्ही तुमच्यावर हसत नव्हतो, तुम्ही पुन्हा गाता म्हणून हसत होतो.

आणि भाभी, बापूजींना कुणी सांगितलं होतं की वडोदऱ्याच्या मेडिकलच्या वसतिगृहात जैन स्वयंपाकघर आहे? तसलं काही नव्हतं. मी साडेपाच वर्षं सगळ्यांबरोबर एकाच मेसमध्ये जेवले, बटाट्याची भाजी चिवडत. तुम्हाला माहीत होतं. माझ्या भल्यासाठी तुम्ही खोटं बोललात, ते चाललं. तुमच्या भल्यासाठी मी अर्धं लपवलं तर मी गळा कापला?

हेमी

*

वढवाण, श्रावण वद अगियारस

हेमी,

उद्यापासून पर्युषण. त्याआधी लिहून टाकते, नंतर मला रागाचं काही लिहायचं नाही.

बापूजींशी मी खोटं बोलले, खरं आहे. ते पाप माझ्या नावावर आहे आणि दर वर्षी साध्वींपुढे कबुली देऊन मी त्याची आलोचना घेते. पण त्या मेसमध्ये तू डोळे उघडे ठेवून जेवलीस. ताटात काय आहे ते तुला दिसत होतं. तुझ्या तोंडात तुझ्या नकळत मी काही घातलं नाही. फसवलं मी बापूजींना, तुला नाही. तू मात्र जिच्यासाठी करतेस म्हणतेस तिलाच फसवलंस.

काल साध्वीजी महाराजांकडे गेले. मला वाटलं होतं आता कडक प्रायश्चित्त मिळणार. त्या ऐकून शांतपणे म्हणाल्या, "आजारपणात औषधाला सवलत असते, बेन. आधी येऊन विचारलं असतंत तर मी वाट काढून दिली असती. तीन आयंबिल करा आणि मन मोकळं करा." एवढंच. म्हणजे कंदाचा प्रश्न तीन दिवसांत मिटतो, हेमी. अळणी भात खाल्ला की झालं.

तुझा प्रश्न मिटत नाही. तू मला विचारलं असतंस, सांगितलं असतंस की भाभी, कंद आहे, पण तुमचा जीव त्याहून मोठा आहे, तर मी रडले असते, भांडले असते, महाराजांकडे गेले असते. आणि कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित नाही. ते हो-नाही माझं होतं. तू ते माझ्या आधीच खाऊन टाकलंस.

आता जे खरं लागलं ते लिहिते. परवा चंदनबेन घरी आली. मी तिची माफी मागायला लागले, की माझ्या शब्दावर तुला वडोदऱ्याला पाठवलं. ती खाली बघून म्हणाली, "रसीला, मला तर हेमीबेनने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, हे कंदापासूनचं आहे, तुमच्या व्रतात बसत असेल तरच घ्या. मी नको म्हटलं. मला वाटलं तुलाही सांगितलं असेल आणि तू मन घट्ट करून घेत असशील. तुझी लाज राखायला मी गप्प बसले."

चार महिने ती बाई माझ्या शेजारी बसून मला पापी समजत होती आणि तरीही माझ्या बाजूला आसन घालत होती. मी मात्र तिच्यासमोर शुद्ध शुद्ध म्हणून मिरवत होते.

परक्या चंदनबेनला तू विचारलंस. मला नाही. तुझी वेणी मी घातली, तुला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा शाळेतून घरी मी आणलं, पोट शेकायला विटेचा तुकडा मी गरम करून दिला. आणि पेशंट म्हणून तुझ्या दवाखान्यात मान कुणाला, तर रस्त्यावरून आलेल्या बाईला. एवढंच मला सांग. असं का?

पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला पाठवायची क्षमापनेची कार्डं लिहायला घेतली आहेत. दूधवाल्याचं लिहिलं, जितुभाईचं लिहिलं, भज्यांसकट तुझ्या भावाचंही मनात लिहिलं. तुझं कार्ड समोर कोरं पडलंय.

रसीला

*

वडोदरा, २ सप्टेंबर १९९७

पू. भाभी,

असं का, ते लिहायचा प्रयत्न करते.

चंदनबेन नाही म्हणाल्या तर त्या उठून जाणार होत्या आणि मी पुढची पेशंट बोलावणार होते. बोलावलीही. त्यांना खरं सांगायला मला काही जड गेलं नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला रात्रभर झोप लागली नसती. म्हणून मी तुम्हाला नाही म्हणायची संधीच दिली नाही. मी स्वतःला सांगत राहिले की हे प्रेम आहे. तुमचं पत्र वाचल्यावर कळलं, मला फक्त माझी भीती संपवायची होती. तुमच्या तोंडात गोळी घालून संपवली.

आणखी एक आहे. ते भाईंना ठाऊक नाही, चंदनबेनला सांगायची वेळ आली नाही, आणि मी लिहिलं नाही तर तुम्हाला जन्मात कळणार नाही. रात्रीची ती मऊ पिवळसर गोळी. तिच्या आतलं औषध कंदाचं, पण वरचं पातळ कवच जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून काढलेलं असतं. बहुतेक सगळ्या मऊ गोळ्यांचं तसंच असतं. पाकिटावर लिहीत नाहीत. मला कॉलेजपासून माहीत आहे. तुमच्या दोन अटी होत्या. मी दोन्ही मोडल्या.

हे लिहून मी तुम्हाला आणखी दुखावते आहे. दोन दिवस पत्र टेबलावर तसंच ठेवलं होतं. पण अर्धं सांगून माफी मागितली तर ती पुन्हा वेलीच्या पानांसारखीच होईल.

मी गेली कित्येक वर्षं संवत्सरीला नुसता फोन करते, गर्दीत दोन शब्द म्हणून टाकते. यंदा हाताने लिहिते. मिच्छामि दुक्कडं, भाभी. मनाने, वाचेने, हाताने केलेल्या सगळ्याबद्दल. हाताने जास्त.

उत्तर आलं नाही तरी चालेल.

हेमी

*

वढवाण, भादरवा सुद पाचम

हेमी,

तुझं पत्र संवत्सरीच्या सकाळी आलं. वाचलं आणि न्हाणीघरात जाऊन उलटी केली. उपास होता, पोटात नुसतं पाणी. नंतर तोंड धुऊन उपाश्रयात गेले. महाराजांना सांगितलं. यावेळी त्यांनी आठ आयंबिल सांगितली. करीन.

तू लिहिलं नसतंस तर मला कळलं नसतं, हेही खरं. ते मी वेगळं ठेवलंय. रागात मिसळू दिलेलं नाही.

संध्याकाळचं प्रतिक्रमण तीन तास चाललं. वाफा पुन्हा सुरू झाल्यात, मी घामाने निथळत होते. चंदनबेन शेजारी होती, तिने काही न बोलता आपल्या पदराने मला वारा घातला. सगळ्या जीवांची क्षमा मागायची वेळ आली. मी त्या घोडीची मागितली. ज्यांचं कवच झालं त्या जनावरांची मागितली, कंदातल्या जीवांची मागितली. घरी येऊन तुझ्या भावापुढे हात जोडले, त्यांनीही जोडले, आणि पहिल्यांदाच त्यांना हसू आलं नाही. तुझं नाव आलं तेव्हा ओठ हलले, आवाज आला नाही. खोटं म्हणवेना. खोट्याला मी फार कंटाळले आहे.

राग वर्षाच्या पुढे न्यायचा नसतो, असं आपल्यात सांगतात. संवत्सरीपासून धरलं तर नवं वर्ष कालच सुरू झालंय. माझ्या हातात वेळ आहे. तुझं कार्ड कोरंच ठेवलंय, फाडलेलं नाही.

औषधाचं म्हणशील, तर कवच नसलेली, साधी दाबून केलेली गोळी असते का, ते लिही. वेलीची की कारखान्याची, नैसर्गिक की कशी, याची मला आता काही पडलेली नाही. फक्त कशाची आहे ते लिही, पूर्ण. तुला माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही. मी महाराजांना विचारीन, मग स्वतःला विचारीन. कदाचित घेईन. कदाचित ही भट्टी घेऊनच म्हातारी होईन. गच्चीवरचे कपडे सध्या तुझे भाऊ वाळत घालतात, तेव्हा तिकडची काळजी नको.

दिवाळीला नेहमीसारखी ये. मी तुला ताट वाढीन. त्यात काय आहे, कशात तळलंय, कुणाच्या हातचं आहे, तू काही विचारणार नाहीस. या घरात आल्यापासून मी तुला वाढतेय, तू एकदाही विचारलेलं नाहीस, सरळ जेवायला लागतेस. यावेळी पहिला घास घेताना तेवढं आठव.

भाभी